कुंडलिकेवरून गंगेवर : कौडियाला ते शिवपुरी कयाकने उतरायचे, तर पाणी किती असावे?

प्रश्न — ताम्हिणीपल्याड (पुणे)

नमस्कार. आम्ही पुण्यातील चौघे जण गेली तीन वर्षे कोलाडला कुंडलिका नदीवर कयाक (एकट्याने वल्हवायची अरुंद, बंद होडी) चालवत आहोत. येथील अनेकांना ठाऊक असेलच की, कोलाडला जे पाणी आपण चालवतो ते मुळशीच्या जलाशयातून घाटाखाली येऊन, भिऱ्याला वीज तयार करून मग नदीत सोडले जाते. ते सकाळी येते, काही तास राहते आणि ओसरते. त्यामुळे नदीवर कधी उतरायचे हा प्रश्न आम्हाला आजवर पडलेलाच नाही. पाणी आले की उतरायचे आणि संपण्याआधी बाहेर यायचे, इतकेच आम्हाला माहीत आहे.

आता हिमालयातील नदीवर जाण्याचा विचार आहे. मनात ऋषिकेशच्या वरचा, गंगेचा कौडियाला ते शिवपुरी हा टप्पा आहे. दिवाळीच्या सुटीत, म्हणजे ऑक्टोबरच्या अखेरीस जावे की मार्चच्या मध्यास, यावर आमच्यात एकमत होत नाही. एकाचे म्हणणे तर असे की, थेट मे महिन्यात उत्तराखंडातीलच टोन्स नदीवर मोरीला जावे. चौघांपैकी दोघांचा रोल (उलटलेली कयाक आत बसूनच वल्ह्याने सरळ करणे) वाहत्या पाण्यातही बसतो. तिसऱ्याचा तलावात हमखास बसतो, नदीत दहापैकी चार-पाच वेळा. चौथी माझी धाकटी बहीण आहे. तिचे वल्हे आमच्यापेक्षा नेटके चालते, पण मोठ्या रॅपिडमध्ये (नदीच्या वेगवान, उसळत्या उतारात) कयाकबाहेर पडून लांबवर वाहून जाण्याचा अनुभव तिला नाही.

या टप्प्यातील ‘द वॉल’ हा रॅपिड चौथ्या श्रेणीचा किंवा त्याहूनही वरचा सांगितला जातो (श्रेणी जितकी वरची, तितका रॅपिड अवघड). कोणत्या महिन्यात तो तिसऱ्या श्रेणीपर्यंत उतरतो, आणि त्या दिवशीचे पाणी योग्य आहे की नाही हे सकाळी काठावर उभे राहून कसे ओळखावे, हे जाणकारांनी सांगावे.


उत्तर — शिवपुरी मुक्काम

मी मूळचा साताऱ्याचा. गेले सहा हंगाम ऋषिकेशच्या वरच्या बाजूला राफ्ट आणि सुरक्षेसाठीची कयाक चालवण्याचे काम करतो. तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, परंतु तो महिन्यावर आणि श्रेणीवर उभा आहे आणि येथे या दोन्ही गोष्टी तितक्याशा उपयोगी पडत नाहीत. कुंडलिका हा एका अर्थाने मोठा नळ आहे, कोणीतरी तो उघडतो आणि कोणीतरी बंद करतो. कौडियालापाशी तुम्हाला जी गंगा भेटते ती दोन नद्यांची मिळून झालेली असते आणि त्या दोघींचे वेळापत्रक एक नाही.

येताना देवप्रयागला गाडी थांबवून पुलावरून खाली बघा. भागीरथी बहुतेक काळ हिरवट आणि निवळ दिसते, कारण तिचा गाळ टिहरीच्या जलाशयात बसून जातो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या आगेमागे अलकनंदा मातकट असते. टिहरीचे धरण २६०.५ मीटर उंच आहे, त्याच्या खाली कोटेश्वरचे दुसरे धरण आहे, आणि या दोन्ही ठिकाणी विजेची मागणी जशी असेल तसे पाणी कमी-जास्त सोडले जाते. म्हणजे भागीरथी मागणीप्रमाणे वाहते. अलकनंदेवर श्रीनगरला ३३० मेगावॉटचा प्रकल्प आहे, तरीही तिच्यावर बर्फाचा, उन्हाचा आणि वरच्या खोऱ्यातील पावसाचा अंमल बराच शिल्लक आहे. या दोघी एकाच वेळी वाढल्या तर कौडियालाचे पाणी तासाभरात वेगळे दिसू लागते. अशा वेळी तुम्ही महिना बघून ठरवलेली श्रेणी तुमच्या टिपणवहीतच राहते.

आता महिन्यांविषयी जेवढे सांगण्यासारखे आहे तेवढे सांगतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये पावसाळ्यामुळे येथील राफ्टिंग बंद असते. सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नदी अंगाने भरलेली असते. लाटा उंच आणि लांब असतात, बरेच खडक पाण्याखाली गेल्याने वाट मोकळी वाटते, पण कयाकबाहेर पडलेल्या माणसाला काठ लवकर मिळत नाही. नोव्हेंबरपासून पाणी उतरत जाते. डिसेंबर ते फेब्रुवारीत ते सर्वांत कमी आणि सर्वांत थंड असते. मार्चमध्ये पाणी अजून कमीच असते, मात्र ऊन अंगाला सुखाचे वाटते. एप्रिलअखेरपासून बर्फाचे पाणी येऊ लागते आणि मे-जूनमध्ये नदी पुन्हा मातकट होऊन फुगते.

वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा तुमच्यावरचा जोर चौपट होतो, हे शाळेत शिकलेले गणित नदीत उतरल्यावर फार लवकर पटते. ऑक्टोबरमध्ये जी लाट तुम्हाला नुसती उचलून पुढे ठेवते तीच लाट थोड्या वेगळ्या पाण्यावर मागे कोसळते आणि कयाकला धरून ठेवते. म्हणून ‘द वॉल तिसऱ्या श्रेणीपर्यंत कधी उतरतो’ असे विचारण्याऐवजी, तेथे उलटून बाहेर पडलो तर खाली काय आहे, आणि आपल्याला दोर कोण फेकणार आहे, असे विचारावे. त्याचे उत्तर काठावर चढून, पूर्ण रॅपिड वरून खालपर्यंत पाहिल्याशिवाय मिळत नाही.

काठावरची खूण सांगतो. आम्ही मुक्कामाला आलो की संध्याकाळी पाण्याच्या रेषेवर तीन दगड मांडतो. एक अगदी कडेला, दुसरा वीतभर वर आणि तिसरा हातभर वर. सकाळी चहाच्या आधी जाऊन ते बघतो. पहिला बुडाला असेल तर पाणी थोडे वाढले आहे, तिसराही दिसत नसेल तर त्या दिवशी घाई नसते. शिवाय मोठ्या खडकांकडे पाहावे. पाण्याच्या रेषेवर ओला, काळसर पट्टा दिसत असेल तर पाणी उतरत आहे. कोरडा खडक थेट पाण्यात शिरत असेल आणि काठाजवळ काड्या, पाने व फेस तरंगत येत असेल तर ते चढत आहे. चढत्या पाण्यावर नवीन माणसाने उतरू नये, असे माझे मत आहे, मग पातळी कितीही सोपी दिसो.

तुमच्या चौघांसाठी माझा सल्ला असा : मार्चच्या मध्यास या. पहिले दोन दिवस कौडियालाहून उतरूच नका. मरीन ड्राइव्हहून (मुंबईचा नव्हे, येथेही त्याच नावाचे ठिकाण आहे) शिवपुरीपर्यंत या. त्यात ‘क्रॉसफायर’ आणि ‘थ्री ब्लाइंड माइस’ आहेत, तेवढ्यात बरेच कळते. कौडियालाहून निघाले की ‘डॅनियल्स डिप’नंतर ‘द वॉल’ लगेच समोर येतो, आणि तोवर खांदे पुरते गरमही झालेले नसतात. तिसऱ्या दिवशी वाटले तर तो काठावरून बघा. कयाक खांद्यावर घेऊन खाली उतरवण्यात कमीपणा नाही. येथील जुनी माणसेही ते करतात आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.


उत्तर — रुपीन-सुपीन (देहरादून)

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, पण ‘मार्च म्हणजे कमी पाणी, आणि कमी पाणी म्हणजे नवख्यांसाठी बरे’ असा जो समज त्यातून होऊ शकतो, तो होऊ नये म्हणून लिहितो. पाणी कमी झाले की नदीचा जोर कमी होतो, हे खरे आहे. मात्र ऑक्टोबरमध्ये पाण्याखाली असलेले खडक वर येतात, वाटा अरुंद होतात आणि ऐन वेळी वळावे लागते. मोठ्या पाण्यात चूक केली तर माणूस वाहत जातो. लहान पाण्यात चूक केली तर कयाक खडकावर आडवी अडकते आणि पाणी तिला तेथेच दाबून धरते. दोन्हींत कोणते अधिक वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. ज्यांचे वल्हे नेटके आहे आणि ज्यांना वेळेवर खडकामागच्या उलट्या धारेत शिरता येते, त्यांना मार्च सोपा जातो. तुमच्या वर्णनावरून तुमची बहीण त्यांत बसते, आणि रोलवर भिस्त ठेवणारे दोघे कदाचित बसत नाहीत. राग मानू नये.

टोन्सविषयी विचारले आहे म्हणून सांगतो. रुपीन आणि सुपीन या दोन नद्या नैटवाडला मिळून टोन्स होते, आणि पुढे यमुनेला मिळताना तिच्यात यमुनेपेक्षा अधिक पाणी असते, हे बऱ्याच जणांना खोटे वाटते. मोरीच्या परिसरात मे महिन्यात ती बर्फाच्या पाण्यावर चालते. या पाण्याला घड्याळ असते आणि ते घड्याळ मला धरणाच्या वेळापत्रकापेक्षा अधिक विश्वासाचे वाटते. रात्री वर थंडी पडली की पाणी उतरते, पहाटे ते सर्वांत कमी असते, आणि दिवसभराचे ऊन वितळवत गेलेले पाणी दुपारनंतर व संध्याकाळी खाली पोहोचते. सकाळी सहज पार केलेला उतार चार वाजता ओळखू येत नाही. अलीकडे नैटवाड ते मोरी या पट्ट्यात ६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाल्याने तेवढ्या भागात हे घड्याळही बिघडले आहे, म्हणून तेथे जायचे तर वीजगृहाच्या खालच्या बाजूने उतरावे.

तरीही यंदा टोन्सवर जाऊ नये, असेच मी म्हणेन, आणि त्याचे कारण श्रेणी नाही. गंगेवर प्रत्येक मोठ्या रॅपिडनंतर बहुधा एक डोह येतो. तेथे उलटलेली कयाक, हातून सुटलेले वल्हे आणि भेदरलेला माणूस, तिघांनाही गोळा करता येते. टोन्सचा उतार सलग आहे. एक रॅपिड संपला असे वाटेपर्यंत दुसरा सुरू झालेला असतो, आणि बाहेर पडलेल्या माणसाला श्वास घ्यायला मिळतो तो कोणीतरी त्याला ओढून काठाला आणल्यावरच. चौघांत एक जण पोहत असताना दुसऱ्याचा रोल चुकला, तर उरलेले दोघे कोणाला धरणार?


प्रश्नकर्त्याचे म्हणणे — ताम्हिणीपल्याड

दोघांचेही आभार. राग मुळीच आला नाही, उलट घरी हा धागा वाचून दाखवल्यावर बहिणीने तो दोनदा वाचायला लावला. टोन्सचा विषय आम्ही बंद केला आहे. आता दोन शंका उरतात. मार्चमध्ये पाणी नेमके किती थंड असते, आणि आमच्याकडे कोलाडसाठी घेतलेली पातळ जाकिटे आहेत ती चालतील का? दुसरे असे की, ज्याचा रोल तलावात बसतो पण नदीत अर्ध्याच वेळा बसतो, त्याने काय करावे?


उत्तर — ओली वाळू (ठाणे)

थंडीविषयी मी लिहिते, कारण मी ती चुकीच्या पद्धतीने शिकले. काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मरीन ड्राइव्हहून उतरलो होतो. बाहेर छान ऊन होते, म्हणून मी आत सुती टी-शर्ट आणि वर पातळ जाकीट घातले होते. ‘थ्री ब्लाइंड माइस’मध्ये तीन लाटा एकामागून एक येतात, त्यांतल्या दुसऱ्या लाटेवर मी उलटले. रोलसाठी वल्हे वर आणले, पण पाण्याने चेहऱ्यावर असा काही तडाखा दिला की श्वास आपोआप आत ओढला गेला आणि मी अर्धवट रोलमध्येच स्प्रे स्कर्टची (कमरेभोवती बसून कयाकचे तोंड बंद करणाऱ्या आवरणाची) मूठ शोधू लागले. ती हाताला लागेना. शेवटी लागली, ओढली, आणि मी बाहेर आले.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. काठावरून कोणीतरी थ्रो बॅग (बचावाचा दोर भरलेली पिशवी) फेकली आणि दोर माझ्या खांद्यावरच पडला. मला तो दिसत होता, मी त्यावर हात ठेवला होता, पण बोटे मिटत नव्हती. मूठ वळतच नव्हती. मग मी तो दोर कोपराच्या बेचक्यात धरला आणि तसेच मला ओढले गेले. थंड पाण्याचा एक नियम शिकवला जातो : पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यासाठी, पुढची दहा मिनिटे हातपाय उपयोगी पडण्यासाठी, आणि शरीर पुरते गारठून शुद्ध हरपण्यास सुमारे एक तास. ही वेळ अगदी बर्फगार पाण्यासाठी सांगितलेली आहे आणि गंगा तेवढी गार नव्हती, तरी माझ्या बोटांना दहा मिनिटे मिळाली नाहीत. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि उलट थंडी वाढवतो. तेव्हा कोलाडची जाकिटे तेथेच राहू द्यावीत. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, वर जाड वेटसूट किंवा गळ्याशी व मनगटाशी घट्ट बसणारे ड्राय जॅकेट, आणि हेल्मेटखाली पातळ टोपी असावी. मार्चमधले ऊन बघून फसू नये, पाणी वरच्या बर्फाकडून येते.

आणखी एक चूक सांगते. काठ अगदी जवळ आल्यावर, मांडीभर पाण्यात, मी उभी राहिले. मोजून दोन पावले टाकली असतील. भाड्याने घेतलेल्या सॅंडलचा पट्टा दोन दगडांच्या फटीत अडकला आणि पाठीमागून पाण्याने मला पुढे वाकवायला सुरुवात केली. पट्टा जुना होता म्हणून तुटला. तो नवा असता तर आज मी हे लिहीत नसते. वाहत्या पाण्यात, ते गुडघ्याच्या वर असेपर्यंत, पाय टेकू नयेत. पाय प्रवाहाच्या दिशेला पुढे ठेवून, टाचा वर धरून, पाठीवर वाहत काठापर्यंत यावे आणि हात वाळूला लागल्यावरच उठावे. पायात पूर्ण बंद, घट्ट बसणारे बूट असावेत.

रोलविषयी : तुमच्या मित्राने तलाव सोडून कोलाडला, पाणी असताना, खालच्या बाजूला थ्रो बॅग घेऊन दोघे उभे ठेवून, लाटेच्या शेपटीत मुद्दाम उलटावे. पन्नास वेळा. तलावातला रोल त्याला आधीच येतो. शिकायचे असते ते नाकात पाणी जात असताना दोन क्षण थांबणे. तुमच्या बहिणीलाही तेथेच मुद्दाम बाहेर पडून पोहायला लावा. पहिले लांब वाहून जाणे ‘द वॉल’च्या खाली घडू नये.


उत्तर — शिवपुरी मुक्काम

वरील ताईंनी जे लिहिले त्यात मला भर घालण्यासारखे थोडेच आहे. मोठ्या पाण्यासाठी कयाक मात्र जरा अधिक आकारमानाची घ्या. कोलाडला लाटेवर खेळण्यासाठी वापरतात त्या बसक्या, आखूड कयाकचे शेपूट येथील उलट्या धारा लगेच पकडतात. शिट्टीचे संकेत चौघांनी आधी ठरवून घ्या. एक लांब शिट्टी म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट. नदीच्या आवाजात ओरडलेले काहीही ऐकू येत नाही. एखादी सुरक्षा-राफ्ट बरोबर असावी, म्हणून येथील परवानाधारक गटाबरोबरच उतरा. येथील नियम २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने धोरण ठरेपर्यंत राफ्टिंग थांबवल्यापासून बरेच गांभीर्याने पाहिले जातात आणि ते योग्यच आहे.

आणि एक गोष्ट, जी आमच्या मनातून जात नाही. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी येथे आकाश निरभ्र होते आणि पाणी वर्षातील सर्वांत कमी पातळीच्या आसपास होते. त्याच सकाळी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगा आणि धौलीगंगेला पूर आला, रैणी आणि तपोवन येथे हाहाकार झाला, आणि खबरदारी म्हणून खाली नदीकाठ रिकामे केले गेले. भागीरथीचे पाणी टिहरीला अडवण्यात आले. मी रात्री मांडलेले तिन्ही दगड त्या दिवशी सकाळी कोरडे होते. तेव्हा दगड बघाच, पण निघण्यापूर्वी वर श्रीनगर आणि देवप्रयागकडे कोणालातरी फोनही करा. मधल्या दरीत पुष्कळ ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, म्हणून हा फोन रस्त्यावरूनच करावा लागतो.


प्रश्नकर्त्याचे म्हणणे — ताम्हिणीपल्याड

ठरले. मार्चचा दुसरा पंधरवडा, पहिले दोन दिवस मरीन ड्राइव्ह ते शिवपुरी, आणि कौडियालाचा निर्णय तिसऱ्या दिवशी काठावर उभे राहून. ‘द वॉल’ न चालवताच परत आलो तरी चालेल, हे चौघांनी आताच मान्य केले आहे, कारण तेथे पोहोचल्यावर ते मान्य करणे कठीण जाते, हे आम्हाला स्वतःविषयी ठाऊक आहे.

येत्या रविवारपासून कोलाडला मुद्दाम उलटण्याचा आणि पोहण्याचा सराव सुरू करत आहोत. बहिणीने तेथेही काठावर तीन दगड मांडून ठेवायचे ठरवले आहे. पाणी किती वाजता येणार हे तेथे आधीच कळलेले असते, हे तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, दगडांना ते माहीत नसते ना.